घाट चढलेला बंब

माझ्या सासऱ्यांचं धाराशिवात पत्र्याचं दुकान होतं. सरकारी कागदावर गावाचं नाव उस्मानाबाद होतं, पण बाजारात सगळे धाराशिवच म्हणायचे. कंदील, नरसाळी, रॉकेलचे डबे, तुपाचे डबे, तांब्यापितळेची डागडुजी आणि भांड्यांना कल्हई एवढा आमचा धंदा. पुढं ओटा, मागं भट्टी, मधे गोणपाटाचा पडदा. ओट्यावर सासरे बसायचे आणि पडद्यामागं मी.

लग्न होऊन आले तेव्हा मला यातलं काही येत नव्हतं. नवरा सोलापूरला गिरणीत कामाला, महिन्याकाठी एकदा यायचा. सासू मी येण्याआधीच गेलेल्या. दुसऱ्या वर्षी सासऱ्यांच्या हाताला कंप सुटला. आधी नुसती चहाची बशी खडखडायची, मग हातोडी चुकायला लागली. एके दिवशी सांध्याला कथलाचा डाख देताना तापलेलं लोखंड त्यांच्या मांडीवर पडलं. मी धावत गेले, पाणी ओतलं. ते कळवळले नाहीत, नुसते आपल्या हाताकडं बघत बसले. माणसाला एवढं खचलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

मी म्हणाले, "मामा, तुम्ही तोंडानं सांगा. हात माझे."

 बऱ्याच दिवसांनी एका सकाळी त्यांनी एक गळका डबा माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "आधी घासून काढ. मळ असला की डाख धरत न्हाय."

तिथून माझं शिकणं सुरू झालं. कातर धरायला, पत्र्याची कड दुमडायला, नवसागर लावून कथील पसरवायला तीन वर्षं गेली. हात भाजले, नखं काळी पडली. पण एक वेळ अशी आली की मी डाखलेला डबा सासरे पाण्यात बुडवून बघायचे, एक बुडबुडा यायचा नाही, आणि ते काही न बोलता बाजूला ठेवायचे. ते न बोलणं मला कळायचं. गिऱ्हाइकाला मात्र यातलं काही माहीत नव्हतं. सुनेच्या हातचं काम म्हटलं तर गिऱ्हाईक तुटेल, लोक नावं ठेवतील, अशी सासऱ्यांना भीती होती. मीही कधी पडद्याबाहेर आले नाही.

लढाई चालू होती ते दिवस. कथील मिळेना, पत्रा मिळेना, पेट्रोलला तर कुपनं लागायची. गावात मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली एक दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंची. जुनी, वर कापडी टप असलेली, पुढून हँडल मारून सुरू करायची मोटार. आसपासच्या खेड्यांत अडलेल्या बायकांना बघायला बाई तिच्यातून जायच्या. बेंबळीला म्हणा, सोनारीच्या वाटेला म्हणा, ती गाडी दिसली की बायका म्हणायच्या, "कुणीतरी सुटणार आज."

एका दुपारी बाईंचा डायव्हर आमच्या ओट्याशी आला. डोक्याला रुमाल, पांढरी दाढी, हातात मोटारीची पेट्रोलची टाकी. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. पडद्याच्या फटीतून मला दिसत होतं. त्यांनी टाकी ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "उस्ताद, बूंद बूंद टपकतंय. एवढा एक डाख मारून द्या. हैदराबादहून नवी येणार न्हाय, मुंबईलाबी चिठ्ठी घातली, तिथंबी न्हाय."

सासऱ्यांनी टाकी आत पाठवली. मी नाक लावलं आणि लोखंड भट्टीतून काढलंच नाही. सासऱ्यांनी पहिल्या दिवशीच मला सांगून ठेवलं होतं, की ज्यात तेल होतं त्या भांड्याला आधी पाणी पाजायचं. नुसत्या वासावर भडका उडून एका गावचा कारागीर आंधळा झालेला त्यांनी पाहिला होता. मी टाकी पाण्यानं गच्च भरली, ओतली, पुन्हा भरली. असं दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी तळ घासायला घेतला तर गंजाचे पापुद्रे सुटले आणि पलीकडचा उजेड दिसायला लागला. एक भोक बुजवावं तर शेजारी दोन दिसायची.

चाचा आले तेव्हा सासऱ्यांनी त्यांना सांगितलं, "चाळण झालीय. डाख कशाला लावू?"

चाचा ओट्यावर मटकन बसले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. उंच, सडपातळ, बोलणं मोजकं. सासऱ्यांना म्हणाल्या, "काका, जुनी टाकी गेली हे कळलं. नवी करून द्या. गाडी उभी राहिली तर माझं अर्धं काम उभं राहतं."

सासरे म्हणाले, "बाईसाहेब, एवढा जाड पत्रा कुठून आणू? ही लढाई..."

"ते बघू. करता येईल का तेवढं सांगा."

"येईल," सासरे म्हणाले, आणि सवयीनं हात पुढं करून टाकी उचलायला गेले. हात थरथरायला लागला. टाकी ओट्यावर खडखड वाजली. बाईंनी त्यांचं मनगट धरलं, उलटंसुलटं करून पाहिलं, बोटं उघडमीट करायला लावली.

"काका, हा कंप आजचा नाही. या हातांनी डाख लागत नाही. मागच्या महिन्यात तुमच्या दुकानातून माझी ऑपरेशनची हत्यारं उकळायची भांडी दुरुस्त होऊन आली, एक थेंब गळत नाही. ती कुणी केली?"

 रस्त्यावरून टांगा गेला, त्याच्या घुंगरांचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत ऐकू आला. पडद्यामागं माझ्या हातातली कातर तशीच राहिली. आमच्या घरी जिव्हाळ्याचं किंवा अवघड काही बोलायचं असलं की सासरे कानडीत बोलायचे. ते तसेच, रस्त्याकडं बघत, मोठ्यानं म्हणाले, "होरग बा."

बाहेर ये.

मी पदर नीट केला, काळे हात लुगड्याला पुसले आणि पडदा सारून ओट्यावर आले. समोरचा शिंपी मशीन थांबवून बघायला लागला. सासरे म्हणाले, "ही माझी सून. भांडी हिनं केली. चार वर्षं झाली, या दुकानातलं सगळं हीच करती."

बाईंनी माझे हात पाहिले. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "टाकी करशील?"

मी म्हणाले, "करते. पण आधी ती गाडीत बसते कशी ते बघायचंय मला."

त्या हसल्या. "मग चल."

दवाखान्याच्या आवारात चिंचेखाली गाडी उभी होती. मी मोटार इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होते. चाचांनी पुढची गादी उचलून दाखवली. टाकी त्या गादीखाली बसायची आणि तिथून एक नळी इंजिनाकडं जायची.

"पेट्रोल ओढतं कोण?" मी विचारलं.

"कोण न्हाय. आपल्या वजनानं वाहतं, पाटाच्या पाण्यागत."

"आणि चढाला?"

चाचा जरा ओशाळले. बाईच म्हणाल्या, "चढाला गाडीचं तोंड वर होतं आणि इंजिन टाकीपेक्षा उंच जातं. टाकी गच्च भरलेली असली तर ठीक, पण हल्ली कुपनावर ती भरते कुठं? म्हणून तुळजापूरचा घाट आम्ही उलटा चढतो."

"उलटा म्हणजे?"

"पाठमोरा. गाडीचं ढुंगण पुढं करून. सगळी गुराखी पोरं हसतात."

चाचा म्हणाले, "हसनेवाले हसू द्या. गाडी चढली म्हंजे झालं."

मी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. इंजिन आणि माणसांचे पाय यांच्यामधे एक लाकडी फळीची भिंत होती, वर लोखंडी पत्र्याचं आच्छादन. त्या भिंतीच्या आतल्या बाजूला, पाय ठेवायच्या जागेच्या वर, हातभर मोकळी जागा होती. महादेवाच्या देवळातलं अभिषेकाचं पात्र मीच तांब्यात घडवलं होतं. ते जितकं वर टांगावं तितकी धार नेट धरते हे मला ठाऊक होतं.

मी म्हणाले, "टाकी हितं का न्हाय बसवायची? वर. इंजिनाच्या बरोबर मागं. मग गाडीचं तोंड कितीबी वर झालं तरी पेट्रोल खालीच जाईल."

चाचांनी कपाळाला हात लावला. "बेटी, कंपनीवाल्यांनी काय भांग पिऊन खाली बसवली होती काय?"

"ते त्यांना इचारा. त्यांनी तुळजापूरचा घाट बघितला न्हाय."

बाई मोठ्यानं हसल्या. त्यांना असं हसताना चाचांनीही कधी पाहिलं नसावं. मग पत्र्याचा प्रश्न निघाला. बाजारात होता तो पत्रा कागदासारखा. मी आवारात इकडंतिकडं बघत होते, तर न्हाणीच्या भिंतीला एक तांब्याचा बंब आडवा पडलेला दिसला. पाणी तापवायचा, कमरेएवढा. आतला जाळ करायचा नळा फुटलेला, म्हणून टाकून दिलेला. मी तो उभा केला, बोटानं वाजवून पाहिला. बाहेरचं अंग ठणठणीत, तांबं जाड, कुठं खड्डा नाही.

"बाई, हा द्या मला."

"बंब?"

"आतला नळा काढते, दोन्ही तोंडं बंद करते, आडवा टांगते. झाली टाकी."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की डॉक्टरीणबाईंच्या मोटारीला अंघोळीचा बंब बसणार आणि तो बसवणार पत्रेवाल्याची सून. समोरच्या शिंप्यानं सासऱ्यांना विचारलं, "काय हो, साबणबी ठेवणार का गाडीत?" सासरे म्हणाले, "ठेवू की. तुमच्याकडनं पंचा शिवून घेऊ."

त्या दिवसापासून पडदा त्यांनी बाजूला बांधून ठेवला.

कामाला अकरा दिवस लागले. आतला नळा छिन्नीनं सोडवला. बंब लांबीला जास्त होता तो कापला. कापलेल्या भागातून दोन गोल चकत्या काढल्या, ठोकून त्यांच्या कडा वळवल्या आणि दोन्ही तोंडांना रिवेट मारून वरून डाख ओतला. सासरे स्टुलावर बसून सांगायचे, "घाई नको. तांबं तापू दे. डाख आपण होऊन पळाला पाहिजे, तू पळवायचा न्हाय." बंद करण्याआधी आतून सगळ्याला कल्हई केली, म्हणजे कळकणार नाही. मधे एक भोकं पाडलेली ताटली बसवली. तेल्याच्या गाडीवरच्या पिंपात तेल हिंदकळून गाडी कशी झुकते ते मी पाहिलं होतं, आणि पेट्रोल तर त्याहून चपळ. नळी वळवायची होती तेव्हा तिच्यात आधी वाळू ठासून भरली. नाहीतर वळणावर ती चपटी होते.

मग परीक्षा. बाहेरून सगळ्या जोडांना चुन्याचा हात दिला, तो सुकू दिला, आणि आत रॉकेल भरून ठेवलं. पांढऱ्या चुन्यावर रॉकेलचा पाझर लगेच दिसतो. पहिला दिवस कोरडा गेला. दुसऱ्या दिवशी एका रिवेटपाशी तिळाएवढा पिवळा डाग उमटला. मला रडू आलं. सासरे म्हणाले, "रडतीस कशाला? आता दिसला हे बरं, घाटात दिसला असता तर?" रॉकेल ओतून काढलं, टाकी पाण्यानं धुऊन पाण्यानं भरून घेतली, तेवढी जागा वर राहील अशी धरली, रिवेट पुन्हा बसवला, पुन्हा डाख, पुन्हा चुना. चार दिवस ठेवली. चुना पांढराशुभ्र राहिला.

गाडीत टाकी बसवली तेव्हा आवारात तीस-चाळीस माणसं जमली होती. लोखंडी पट्ट्यांनी ती भिंतीला आवळली, खाली जाड कातडं घातलं. टाकीवर जुन्याच टाकीचं झाकण बसवलं. चाचांनी पेट्रोल ओतलं, टाकीखालची तोटी उघडली आणि हँडल मारलं. एकदा, दोनदा. तिसऱ्याला इंजिन धडधडलं. कुणीतरी ओरडलं, "पाणी तापलं!" सगळे हसले. मीही हसले. चाचा गाडी घेऊन बाजारातून एक चक्कर मारून आले आणि त्यांनी रुमालानं टाकी पुसली.

पाच-सहा दिवसांनी, भादव्यातल्या एका सकाळी, तामलवाडीहून एक माणूस घोड्यावरून आला. त्याची बायको दोन दिवस अडली होती. बाई तयारच होत्या. जाताना त्यांनी गाडी आमच्या ओट्यापाशी थांबवली.

"काका, सुनेला नेते. नव्या टाकीनं गाडी आज पहिल्यांदा घाट उतरणार, चढणार. जिनं टाकी केली ती बरोबर पाहिजे."

सासऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग आत जाऊन हत्यारांची पिशवी आणली, मी गाडीत बसल्यावर माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "टोचा आन पक्कड वरच हाय."

तुळजापूरपर्यंत रस्ता सरळ. मी पुढं चाचांच्या शेजारी, गुडघ्यांसमोर माझा बंब. घाट उतरताना मात्र गाडीचं तोंड खाली झालं, झाकणाच्या कडेतून पेट्रोल उडायला लागलं आणि माझ्या लुगड्यावर ओले ठिपके पडले. वासानं डोकं गरगरलं. पण गाडी सुरेख चालत होती.

तामलवाडीत बाई घरात गेल्या, आणि थोड्याच वेळात बाहेर येऊन हात धूत म्हणाल्या, "मूल आडवं आहे. इथं काही करता येणार नाही. टेबल आणि हत्यारं हवीत." सोलापूर जवळ होतं, पण मधल्या ओढ्याला पूर आला होता. पहाटेपासून बैलगाड्या अलीकडंच अडकून पडल्या होत्या. म्हणजे घाट चढून धाराशिवलाच जायचं.

अडलेल्या बाईला गादीसकट मागच्या सीटवर ठेवलं. विशीची पोर होती, माझ्याच वयाची. डोळे मिटलेले, ओठ सुकलेले. एका बाजूला तिची सासू, दुसऱ्या बाजूला डॉक्टरीणबाई. गाडी सुरू झाली तशी पेट्रोलच्या वासानं तिला उमासा आला, ओकारी झाली आणि ती कळवळली. बाई म्हणाल्या, "त्या टाकीचं तोंड घट्ट करता येईल का गं? हा वास तिला सोसत नाही."

"करते की."

मोटेच्या जुन्या कातड्याचा तुकडा तिथंच एका गोठ्यात मिळाला. मी त्याची गोल चकती कापली, झाकणात आतून बसवली आणि झाकण पकडीनं आवळलं. थेंब थांबला, वासही थांबला. चाचा म्हणाले, "हौ, आता कसं!" मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं.

घाट सुरू झाला. पहिलं वळण गाडीनं सरळ तोंडानं घेतलं. दुसरंही घेतलं. चाचा दातओठ खात चाक धरून होते, आणि त्यांच्या दाढीआडून हसू फुटत होतं. तिसऱ्या वळणाआधी इंजिन खोकलं. एक हिसका, दुसरा हिसका, आणि बंद. चाचांनी ब्रेक दाबला, मी उडी मारून चाकामागं दगड लावला.

त्यांनी हँडल मारलं. इंजिन एकदा बोललं आणि गप्प झालं. पुन्हा मारलं, तेही नाही.

"मैं बोल्या था," चाचा कपाळाचा घाम पुसत म्हणाले. "बोल्या था की न्हाय? कंपनीची अक्कल आपल्याला न्हाय."

मागं ती पोर कण्हत होती. तिची सासू हात जोडून देवीचं नाव घेत होती. बाई मला म्हणाल्या, "गाडी फिरवून उलटी चढवता येईल?"

मी मान हलवली. टाकी आता इंजिनापेक्षा वरच होती. उंची कमी पडत नव्हती, मग गाडी पाठमोरी करून काय मिळणार? जुनी युक्ती मीच बंद करून टाकली होती.  खरं सांगते, त्या घटकेला मला वाटलं, सासऱ्यांची भीती खरी होती. पडद्यामागं राहिले असते तर ही पोर आज माझ्यामुळं रस्त्यात मरायला टेकली नसती.

बाई शांतपणे म्हणाल्या, "तू घाबरलीस तर मला कोण सांगणार? काय झालंय ते बघ."

मी बघितलं. तोटी बंद केली, इंजिनाकडची नळी सोडली आणि तोटी पुन्हा उघडली. चार थेंब पडले आणि थांबले. टाकी बाहेरून वाजवून पाहिली, अर्ध्याच्या वर भरलेली. म्हणजे पेट्रोल आहे, वाटही मोकळी आहे, मग येत का नाही?

आमच्या दुकानात गोड्या तेलाचे बंद डबे यायचे. नवीन माणूस एकच भोक पाडतो आणि डबा उपडा धरून बसतो. तेल गुळगुळ करून थांबतं. सासरे दर वेळी सांगायचे, "दुसरं भोक पाड की. वारा आत गेल्याबिगर तेल बाहेर कसं येईल?"

जुन्या झाकणात वारा जायला फट होती. ती मी माझ्या हातानं, कातडं घालून, बुजवली होती.

मी झाकणाला पक्कड लावली आणि पिळलं. सुस्स करून आवाज झाला, जणू टाकीनं दम घेतला. त्याच क्षणी खाली नळीच्या तोंडातून पेट्रोलची धार सुटली. मी घाईनं तोटी बंद केली.

"चूक माझीच झाली," मी बाईंना म्हणाले. "वारा कोंडला होता."

झाकण घेऊन मी गाडीपासून वीस पावलं लांब गेले. पेट्रोलपाशी लोखंडावर लोखंड मारायचं नव्हतं. रस्त्याकडेच्या दगडावर झाकण ठेवलं, टोचा धरला आणि दुसऱ्या दगडानं दोन ठोके दिले. झाकणातून आणि कातड्यातून आरपार, सुईएवढं भोक. त्यातून वारा आत जाईल, पण पेट्रोल उसळून बाहेर यायचं नाही. झाकण बसवलं, नळी आवळली, तोटी उघडली.

चाचांनी हँडल मारलं. पहिल्याच झटक्याला इंजिन धडधडलं.

"चलो!" ते ओरडले आणि उडी मारून आपल्या जागी बसले. मी दगड काढला, पळत जाऊन पायरीवर चढले आणि आत बसायच्याऐवजी तिथंच एका हातानं टपाचा खांब धरून उभी राहिले. दुसरा हात टाकीच्या नळीवर. तिसरं वळण गेलं, चौथं गेलं. एका बाजूला खोल दरी, पावसानं हिरवीगार, दुसऱ्या बाजूला ओला खडक. चढ वाढत होता आणि इंजिनाचा आवाज भरदार होत होता. नळी माझ्या बोटाखाली गार लागत होती, म्हणजे पेट्रोल वाहत होतं. शेवटच्या चढाला गाडीचं तोंड आभाळाकडं झालं. तिथंच तिला पूर्वी पाठ फिरवायला लागायची. चाचांनी श्वास रोखला. मीही रोखला. गाडी हळू झाली, पण थांबली नाही. खडक खाली गेला, माथ्यावरचा वारा अंगावर आला आणि समोर सरळ रस्ता दिसला.

माथ्यावर धनगर मेंढरं घेऊन उभे होते. त्यांतला एक म्हातारा ओरडला, "आरं, मोटार आज तोंडानं आली!"

चाचांनी भोंगा वाजवला. एकदा नव्हे, तुळजापूर येईपर्यंत वाजवत राहिले. बाई म्हणाल्या, "चाचा, पेशंट आहे गाडीत." ते म्हणाले, "बाईसाब, त्या पोरीलाबी कळू द्या, घाट संपला म्हणून." मी मागं वळून पाहिलं. त्या पोरीनं डोळे उघडले होते.

दुपारी दोनच्या सुमारास धाराशिवला पोचलो. तिला आत नेलं आणि दार बंद झालं. मी आणि चाचा दवाखान्याच्या पायरीवर बसलो. सकाळपासून पोटात काही नव्हतं. चाचांनी फडक्यातली भाकरी आणि कांदा काढला. त्या काळात कोण कुणाच्या हातचं खातं याला फार महत्त्व होतं. त्यांनी भाकरी मधे ठेवली आणि अवघडून माझ्याकडं पाहिलं. मी अर्धी मोडून घेतली. आम्ही खात होतो तेवढ्यात सासरे आवारात आले. गावात शिरताना चाचांनी पुन्हा वाजवलेला भोंगा त्यांनी दुकानातूनच ऐकला होता. मी त्यांना कातड्याचं, वाऱ्याचं सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "आता डब्याला दुसरं भोक का लागतं ते जन्मात इसरणार न्हाईस."

चाचा म्हणाले, "उस्ताद, तुमच्या सुनेनं आज मला खोटं पाडलं. खुदा कसम, लई बरं वाटलं."

ऊन कलायला लागलं तेव्हा आतून रडणं ऐकू आलं. बारीक, चिडलेलं, थांबायचं नाव न घेणारं. दार उघडून त्या पोरीची सासू बाहेर आली. डोळे सुजलेले होते, पण चेहरा उजळला होता. "नात झाली," ती म्हणाली. "दोघीबी हायत. दोघीबी."

तिच्या मागून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. पांढऱ्या कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या, थकलेल्या. त्या सरळ माझ्याकडं आल्या आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी सोनारीकडं जायचंय. येशील?"

मी सासऱ्यांकडं पाहिलं नाही. "येते," मी म्हणाले, आणि हातातला भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला.